बोलतंय कोण, पैसे कोणाचे? : अमेरिकेत चर्च आणि सरकार हा विषय शिकताना

ऑगस्ट २०१७ मध्ये एलएल.एम., म्हणजे कायद्याची मास्टर्स पदवी, करायला अमेरिकेत आले आणि पहिल्याच सेमिस्टरला 'लॉ अँड रिलिजन' हा विषय घेतला. त्यामागे फार थोर विचार नव्हता. तास दुपारचा होता, वेळापत्रकात बसत होता, आणि खरं सांगायचं तर हा विषय आपल्याला सोपा जाईल असं वाटलं होतं. घटनेची २५ ते २८ कलमं पाठ, धर्मनिरपेक्षतेवरचा बोम्मई खटला पाठ, पुण्यात असताना धर्मनिरपेक्षतेवर वक्तृत्व स्पर्धेत दोन ढाली मिळवलेल्या. अमेरिकेत धर्म आणि सरकार वेगळं ठेवलंय म्हणजे आपल्याकडचंच प्रकरण, फक्त जरा कडक. एवढ्या भांडवलावर मी वर्गात जाऊन बसले.

कायदा, राज्यशास्त्र किंवा पब्लिक पॉलिसी शिकायला इकडे येणाऱ्या मुलांचे मला अधूनमधून फोन येतात. हा विषय घेऊ का, जड जातो का, पुढे नोकरीला उपयोग होतो का, असे प्रश्न असतात. प्रत्येकाला तेच सांगायचं म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

माझी फजिती आधी सांगते, कारण ती तुमचीही होणार आहे.

दुसऱ्या आठवड्यात प्रोफेसरांनी विचारलं, तुमच्या देशात सरकार आणि धर्म यांचा संबंध कसा असतो, एखादं उदाहरण द्या. मी पंढरपूरची. हात वर केला आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं, की आषाढी एकादशीला पहाटे राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची महापूजा करतात आणि रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला त्यांच्याबरोबर पूजेचा मान मिळतो. वर्ग शांत. प्रोफेसर म्हणाले, छान. मुख्यमंत्री तिथे भक्त म्हणून असतात की मुख्यमंत्री म्हणून? मी म्हटलं, दोन्ही. खर्च कोणाचा? देवळाचं व्यवस्थापन कोणाकडे? मी म्हटलं, मंदिर समितीकडे. समिती कोण नेमतं? सरकार. कुठल्या अधिकाराने? १९७३ चा कायदा आहे, १९८५ पासून देऊळ प्रत्यक्ष ताब्यात आहे, आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही शिक्कामोर्तब केलं. शेजारच्या टेक्सासच्या मुलाने डोळे मोठे करून विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे पुजारी सरकारी समिती नेमते? आणि घटनेत 'सेक्युलर' शब्द आहे?" आहे म्हटलं, १९७६ पासून. सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले.

रात्री अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, सरकार आलं म्हणून तर पुजाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क गेले. त्यात हसण्यासारखं काय?" अण्णांचं बरोबर होतं आणि वर्गाचंही. आपल्या घटनेने राज्याला धर्मात सुधारणा करायचं काम दिलंय. देवळं सगळ्या हिंदूंना खुली करा, अस्पृश्यता मोडा, देवस्थानाचा हिशोब तपासा. अमेरिकेच्या घटनेने ते काम राज्याला द्यायलाच नकार दिलाय. इथे धर्मादाय आयुक्त नावाचा प्राणी नाही. उलट करमुक्त धर्मादाय संस्थांना दरवर्षी जे विवरणपत्र भरावं लागतं, त्यातून चर्च, देवळं, मशिदी यांना सूट आहे. म्हणून इकडे आल्यावर 'सर्वधर्मसमभाव' हा शब्द काही महिने कपाटात ठेवून द्या. त्याच्या मापाने इथलं काहीही मोजता येत नाही.

प्रोफेसरांनी तेव्हा फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले: बोलतंय कोण? पैसे कोणाचे? हा विषय मला जेवढा कळला, तो या दोन प्रश्नांतून. तिसरा पुढे सापडला, तो त्याच्या जागी सांगते.

आता अभ्यासाचं. सगळं ज्यावर उभं आहे ते वाक्य इंग्रजीत मोजून सोळा शब्दांचं आहे. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीचा सुरुवातीचा तुकडा. काँग्रेसने, म्हणजे इथल्या केंद्रीय संसदेने, धर्मसंस्थेच्या स्थापनेबाबत कायदा करायचा नाही, आणि धर्माच्या मुक्त आचरणाला बंदी घालायची नाही. पहिल्या अर्ध्याला 'एस्टॅब्लिशमेंट क्लॉज' म्हणतात, दुसऱ्याला 'फ्री एक्सरसाइज क्लॉज'. वर्गात सगळे हीच नावं वापरतात, तुम्हीही वापरा, मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका. 'चर्च आणि राज्य यांच्यातली भिंत' हे शब्द मात्र घटनेत कुठेच नाहीत. मी पहिल्या निबंधात "घटनेतल्या भिंतीनुसार" असं लिहिलं होतं. त्याखाली लाल शाईने फक्त एक प्रश्नचिन्ह आलं.

भिंत आली ती थॉमस जेफर्सनच्या पत्रातून. इथे जरा रेंगाळते, कारण बहुतेक नवे विद्यार्थी हा भाग उडवतात आणि मग वर्षभर चाचपडतात. १ जानेवारी १८०२ ला राष्ट्राध्यक्ष जेफर्सनने कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना उत्तर पाठवलं. कनेक्टिकटमध्ये तेव्हा काँग्रिगेशनल चर्च हे राज्याचं अधिकृत चर्च होतं आणि १८१८ पर्यंत राहिलं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर असा प्रकार १८३३ पर्यंत टिकला. कारण सोपं आहे: त्या सोळा शब्दांत 'काँग्रेस' म्हटलंय, म्हणजे फक्त केंद्र. राज्यं मोकळी होती. बॅप्टिस्टांची तक्रार ही, की आमचं धर्मस्वातंत्र्य आम्हाला हक्क म्हणून मिळत नाही, मेहरबानी म्हणून मिळतं. दुसऱ्याच्या चर्चचा कर चुकवायचा तर आम्ही बॅप्टिस्ट आहोत असा दाखला द्यावा लागायचा. यावर जेफर्सनने भिंतीची उपमा वापरली.

म्हणजे भिंत मागणारे नास्तिक नव्हते. चांगले कट्टर भाविक होते. त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या बॅप्टिस्टांनी जेफर्सनला १,२३५ पौंडांचं, म्हणजे साधारण ५६० किलोंचं एक चीज भेट दिलं. ते घेऊन आलेला धर्मोपदेशक जॉन लेलँड दोन दिवसांनी, रविवारी, थेट हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जच्या सभागृहात प्रवचनाला उभा राहिला, आणि ऐकायला कोण? जेफर्सन. शुक्रवारी भिंत, रविवारी संसदेत प्रवचन. सेमिनारमध्ये यावरून मुलं आजही दोन तट पाडून भांडतात. एक तट म्हणतो, भिंतीचा अर्थ त्यांच्या लेखी आपण समजतो तेवढा कडक नव्हता. दुसरा म्हणतो, माणूस आहे, दोन दिवसांत विसंगत वागू शकतो.

त्याच्याही आधीचा रॉजर विल्यम्स वाचा. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा सत्ता असलेल्या प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाने त्याला हाकललं आणि त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. भिंत हा शब्द त्यानेही वापरला होता, पण त्याच्या मनात चर्च ही बाग होती आणि बाहेरचं जग हे रान. भिंत हवी ती रान बागेत शिरू नये म्हणून. आपल्याकडच्या शेताच्या कुंपणासारखी. जेफर्सनला उलट काळजी होती, राज्य धर्माच्या हाती जाऊ नये. भिंत एकच, पण कुणाला कुणापासून वाचवायला, यावर पहिल्या दिवसापासून एकमत नाही. व्हर्जिनियातली १७८४ ते १७८६ ची लढाईही याच वेळी वाचून टाका. पॅट्रिक हेन्रीला ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर लावायचा होता, जेम्स मॅडिसनने त्याविरुद्ध निवेदन लिहिलं: तीन पेन्स जरी सक्तीने घेतलेत तरी तत्त्व मोडलं. 'पैसे कोणाचे' हा प्रश्न तिथून येतो.

मग निकाल. इथे माझ्या भारतीय सवयीने मला खड्ड्यात घातलं. आपण निकालाचं सार पाठ करतो: खटल्याचं नाव, वर्ष, तत्त्व. इथे प्रोफेसर तास सुरू झाला की कुणाचंही नाव घेऊन उभं करतात आणि विचारतात, वस्तुस्थितीत एवढाच बदल केला तर निकाल काय लागेल? सार पाठ असलेला माणूस तिथे गारद होतो. या प्रकाराला 'कोल्ड कॉल' म्हणतात आणि नावाप्रमाणेच हातपाय थंड पडतात.

एव्हरसनचा खटला घ्या, १९४७. न्यू जर्सीतली यूइंग टाउनशिप कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना बसभाडं परत देत होती. एका करदात्याने दावा लावला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकालात भिंतीचे गोडवे गायले, ती उंच आणि अभेद्य असली पाहिजे म्हणाले, राज्यांनाही ती लागू केली, आणि शेवटी पाच विरुद्ध चार मतांनी बसभाडं द्यायला परवानगी दिली. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, माझं एखादं पान उलटायचं राहिलं. राहिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, पोलीस नि अग्निशमन दलासारखी ही सर्वांना मिळणारी सोय आहे, पैसे चर्चला नाही, पालकांना जातात. पुढची पंचाहत्तर वर्षं याच फटीतून गाडी हाकली गेली आहे. २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या शाळा व्हाउचरना, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी पालकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीला, मान्यता मिळाली ती याच मार्गाने: पालक निवडतो, सरकार नाही.

आणि तळटीपा वाचा. हे ओरडून सांगते. मी आले त्याच्या दोन महिने आधी, जून २०१७ मध्ये, ट्रिनिटी लुथरनचा निकाल लागला होता. मिसूरीतल्या एका चर्चच्या बालवाडीला खेळाच्या मैदानावर जुन्या टायरांच्या रबराचा थर घालायला सरकारी अनुदान हवं होतं. चर्च आहे म्हणून राज्याने नाकारलं. कोर्टाने सात विरुद्ध दोन असं सांगितलं, केवळ चर्च म्हणून नाकारता येणार नाही. मी वर्गात ठामपणे सांगितलं की आता सगळ्या धार्मिक शाळांना सरकारी पैसा खुला. प्रोफेसर म्हणाले, तिसरी तळटीप वाच. त्या तळटिपेत म्हटलं होतं की हा निकाल मैदानाच्या थरापुरता, पैशाच्या धार्मिक वापराबद्दल आम्ही बोलत नाही. मी खजील होऊन बसले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, आता त्या तळटिपेशी किती न्यायमूर्ती सहमत आहेत ते मोज. नऊपैकी चारच. म्हणजे तळटिपेला बहुमत नाही! आणि झालंही तसंच. २०२० मध्ये माँटाना आणि २०२२ मध्ये मेन या राज्यांच्या, दोन्ही खटल्यांत कोर्ट त्या तळटिपेच्या पार पुढे गेलं. मेनमध्ये ज्या गावांत सरकारी हायस्कूल नाही तिथल्या मुलांची खासगी शाळेची फी राज्य भरतं. धार्मिक शाळा वगळता येणार नाहीत असं ठरलं. २०२५ मध्ये ओक्लाहोमात एका कॅथलिक चार्टर शाळेवरून (चार्टर म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा) गोष्ट आणखी टोकाला गेली, पण एक न्यायमूर्ती बाजूला राहिल्याने मतं चार-चार पडली आणि राज्याच्या कोर्टाचा नकार तसाच राहिला.

माझ्या वहीतली सगळ्यात जाड टिपणं होती 'लेमन टेस्ट'ची. १९७१ च्या लेमन खटल्यातली तीन अंगांची कसोटी: सरकारी कृतीचा हेतू ऐहिक आहे का, तिचा मुख्य परिणाम धर्माला बळ देणारा किंवा दाबणारा आहे का, सरकार आणि धर्म एकमेकांत गुंतून पडतात का. तक्ते काढले होते, चार रंगांचे हायलायटर संपवले होते. २०२२ मध्ये केनेडी विरुद्ध ब्रेमर्टनमध्ये कोर्टाने ही कसोटी मोडीत काढली आणि इतिहास नि परंपरा बघा असं सांगितलं. वॉशिंग्टन राज्यातला सरकारी शाळेचा फुटबॉल कोच सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करायचा, त्याच्या बाजूने हा निकाल गेला. बहुमताच्या मते तो माणूस म्हणून एकटा, शांतपणे प्रार्थना करत होता. अल्पमताने निकालातच फोटो छापले, त्यात त्याच्याभोवती खेळाडूंचा घोळका होता. 'बोलतंय कोण' हा प्रश्न किती भांडणाचा असतो ते या एका निकालात दिसतं. म्हणून सीनियरने दिलेली जुनी आउटलाइन, म्हणजे विषयाच्या टिपणांचा सारांश, घेताना आधी तारीख बघा. २०२२ च्या आधीची असेल तर इतिहास म्हणून वाचा, उत्तर म्हणून लिहू नका.

तिसरा प्रश्न मला प्रॉव्हिडन्सने दिला. होय, तेच रॉजर विल्यम्सचं गाव. तिथल्या एका सरकारी मिडल स्कूलच्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी एका रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, प्रार्थनेला बोलावलं. सर्वसमावेशक, सौम्य प्रार्थना. विद्यार्थिनीच्या वडिलांनी आक्षेप घेतला आणि १९९२ मध्ये ली विरुद्ध वाइजमनमध्ये कोर्टाने अशा प्रार्थनेला मनाई केली. शाळेचं म्हणणं होतं, समारंभाला यायची सक्ती नव्हती. कोर्ट म्हणालं, चौदा वर्षांची मुलगी स्वतःचा निरोप समारंभ सोडून जाईल असं म्हणणं निव्वळ कागदी आहे. उलट २०१४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ग्रीस या गावच्या मंडळाच्या बैठकीआधीची प्रार्थना मात्र चालली. तिथे मोठी माणसं असतात, बाहेर जाऊन उभं राहू शकतात. तर तिसरा प्रश्न: ऐकणाऱ्याला उठून जाता येतं का?

शाळांच्या खटल्यांत हा प्रश्न हाताशी ठेवलात की पुष्कळ उलगडतं. १९६२ च्या एंजल खटल्यात न्यूयॉर्कच्या सरकारी मंडळाने बावीस शब्दांची प्रार्थना तयार केली होती, कुठल्याच पंथाला खुपू नये अशी. तीही गेली, कारण प्रार्थना लिहिणं हे सरकारचं कामच नाही. इथे एक गैरसमज काढून टाका, जो भारतातल्या वर्तमानपत्रांतही दिसतो: अमेरिकेने शाळेतून प्रार्थना हद्दपार केली नाही. डबा उघडण्याआधी मुलाने 'वदनी कवळ घेता' म्हटलं तर त्याला कोणी अडवू शकत नाही. शाळेने ते म्हणून घेता कामा नये. बायबल किंवा गीता वाङ्मय आणि इतिहास म्हणून शिकवायलाही हरकत नाही, हे १९६३ च्या शेम्प निकालातच लिहिलंय.

आपल्या लोकांना रस वाटेल असे दोन खटले इथल्या पाठ्यपुस्तकांत एका कोपऱ्यात असतात. मी सेमिनार पेपर त्यांवरच लिहिला आणि विषय असा निवडल्यामुळेच तो बरा झाला. पहिला मॅलनॅक विरुद्ध योगी, १९७९. न्यू जर्सीतल्या सरकारी हायस्कुलांत महर्षी महेश योगींचं भावातीत ध्यान ऐच्छिक विषय म्हणून शिकवत. शिकवणारे म्हणत, हा धर्म नाही, शास्त्र आहे. पण मंत्र मिळण्याआधी विद्यार्थ्याने फळं, फुलं आणि पांढरा रुमाल आणायचा, आणि गुरुदेवांच्या तसबिरीपुढे संस्कृतात पूजा व्हायची. अपील कोर्ट म्हणालं, हा धर्मच. वाचताना मला हसू आवरेना. पांढरा रुमाल, फळं, तसबीर, आणि वर हे धार्मिक नाही असं न्यायाधीशांना सांगायचं! पंढरपुरातल्या कुठल्याही आजीने पाच मिनिटांत निकाल दिला असता.

दुसरा कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटसचा, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या अष्टांग योगाचा. २०१५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तो चालू दिला, कारण शाळेने संस्कृत नावं आणि बाकी सगळं काढून टाकलं होतं. पद्मासनाला मुलांच्या भाषेतलं मांडी घालायचं नाव दिलं. आजी इथे मात्र दोन तास वाद घालत बसली असती. धर्म काढला तर योग उरतो का? कोर्टाला हा प्रश्न सोडवायचाच नव्हता. आपला समाज यावर काय म्हणतो, तेही कोर्टाने विचारायचं नव्हतं. सरकार काय शिकवतंय, तेवढंच.

परीक्षेबद्दल थोडक्यात. बहुतेक ठिकाणी पुस्तक उघडं ठेवून परीक्षा असते आणि एक लांबलचक काल्पनिक गोष्ट देतात: अमुक गावाने अमुक केलं, सल्ला द्या. मी पहिल्या खेपेला भिंतीच्या इतिहासावर सुंदर निबंध लिहिला आणि बी मायनस घेतला. तुमचं मत त्यांना नको असतं. दोन्ही बाजूंचा सर्वांत मजबूत युक्तिवाद आणि मग कौल, असं हवं. २००५ मध्ये एकाच दिवशी लागलेले, बायबलमधल्या दहा आज्ञा सरकारी जागेत लावण्याबद्दलचे दोन निकाल शेजारी ठेवून सराव करा. टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारातला दगड राहिला, केंटकीच्या न्यायालयांतल्या चौकटी गेल्या, दोन्हीकडे मतं पाच-चार, आणि बाजू बदलणारे न्यायमूर्ती एकच, ब्रायर. दगड चाळीस वर्षं कुणाच्या तक्रारीविना उभा होता, चौकटी नुकत्या आणि मुद्दाम लावल्या होत्या. २०२४ मध्ये लुइझियानाने प्रत्येक वर्गात दहा आज्ञा लावायचा कायदा केला आणि प्रकरण लगेच कोर्टात गेलं, तेव्हा हा विषय जुना होण्याची भीती नाही. युक्तिवादाचा आवाज ऐकायचा तर 'ओयेझ' या संकेतस्थळावर फुकट आहे. भांडी घासताना ऐका. न्यायमूर्तींचा रोख कुठे आहे ते कागदापेक्षा आवाजात लवकर कळतं, आणि इंग्रजी कानात बसतं हा वरचा नफा.

नोकरीचं खरं सांगते. फक्त 'चर्च आणि राज्य' या विषयावर जगणारे वकील मूठभर, आणि ते वॉशिंग्टनमधल्या मोठ्या संघटनांत. आपल्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला तिथे शिरणं अवघड. मला दोन ठिकाणांहून मुलाखतीनंतर उत्तरसुद्धा आलं नाही. एलएल.एम.नंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे, बारा महिने मिळतात आणि ते बघता बघता संपतात. न्यूयॉर्कची बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा, द्यायची असेल तर पुण्या-मुंबईच्या विद्यापीठाने तुमची गुणपत्रकं परस्पर तिकडे पाठवावी लागतात. हे काम निघायच्या आधी स्वतः खिडकीवर उभं राहून करा. मी भावावर सोपवलं आणि चार महिने गेले. सनद मिळण्याआधी पन्नास तास विनामोबदला कायदेशीर कामही दाखवावं लागतं, ते शिकत असतानाच लॉ स्कूलच्या मदत केंद्रात ('क्लिनिक' म्हणतात त्यात) उरकून घ्या.

पण बाजूच्या वाटा पुष्कळ आहेत. मी एका छोट्या फर्ममध्ये आहे, परवाना न्यूयॉर्कचा, घर न्यू जर्सीत. आमचं निम्मं काम जमिनीचं. देऊळ, मशीद किंवा गुरुद्वारा बांधायचा म्हटलं की गावाचं झोनिंग मंडळ, म्हणजे कुठल्या जागेत काय चालेल ते ठरवणारं मंडळ, पार्किंग, वाहतूक, सांडपाणी काढतं. कधी अडचण खरी असते, कधी नुसता पडदा. २००० साली काँग्रेसने यासाठी एक कायदा केला, त्याला सगळे 'आरलुइपा' म्हणतात. ज्या भागात क्लब नि सभागृह चालतं तिथे प्रार्थनास्थळाला वेगळी वागणूक देता येत नाही. याच कायद्याचा दुसरा अर्धा भाग कैद्यांसाठी आहे. आर्कान्सामधल्या एका मुस्लिम कैद्याने अर्ध्या इंचाच्या दाढीसाठी हाताने लिहिलेला अर्ज सुप्रीम कोर्टात पाठवला आणि २०१५ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने कौल दिला. उरलेलं काम आर-वन व्हिसाचं, म्हणजे देवळांसाठी पुजारी आणणं. त्यात मजेचे पेच पडतात. नैवेद्याचा स्वयंपाक करणारा 'धार्मिक कामगार' की नुसता आचारी? सोवळं म्हणजे काय हे मी सरकारी अर्जात दीड पानभर इंग्रजीत समजावून सांगितलंय. सरकारने धर्म काय ते ठरवायचं नाही, पण व्हिसा द्यायचा तर काहीतरी ठरवावं लागतं. एलएल.एम.च्या वर्गात हा पेच कुणी शिकवला नव्हता.

आणि एक बिनपगारी काम आपोआप गळ्यात पडतं, महाराष्ट्र मंडळाचं. आमच्या मंडळाचा गणपती दरवर्षी एका सरकारी हायस्कूलच्या हॉलमध्ये बसतो, शनिवार-रविवार. मंडळातल्या काही जुन्या लोकांना उगाच धाकधूक असते: सरकारी शाळेत गणपती कसा चालेल, कोणी तक्रार केली तर? चालतो. शाळा सुटल्यावर हॉल बाकीच्या संस्थांना भाड्याने देत असाल तर कार्यक्रम धार्मिक आहे म्हणून नाकारता येत नाही, हे १९९३ च्या आणि २००१ च्या निकालांनी पक्कं केलंय. आरती म्हणतो आपण, भाडं भरतो आपण, नको असेल त्याने येऊ नये.

मागच्या वर्षी आमच्या नव्या सेक्रेटरीने पत्रक करून आणलं. वर गणपती, खाली कार्यक्रम, आणि अगदी खाली आपल्या रीतीप्रमाणे सौजन्याने लिहिलेलं: 'शाळेच्या सहकार्याने'. मी पेन काढलं आणि तेवढी ओळ खोडली. त्याजागी लिहिलं, 'हॉल भाड्याने घेतलेला आहे. कार्यक्रमाशी शाळेचा संबंध नाही.'

खजिनदार काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं ताई, त्यांनी हॉल दिला, आभार मानायचे सोडून हे काय लिहितेस? वाईट दिसतं."

"काका, आभाराचं पत्र वेगळं पाठवू. पत्रकावर हेच राहू दे."

"आणि भाड्याची पावती?"

"ती जपून ठेवा."